पुष्प पाचवे : हमीदार

(दत्तजयंती सप्ताह, मार्गशीर्ष, डिसेंबर २०२४. मालेगाव तालुका, जिल्हा वाशिम. ध्वनिमुद्रणावरून.)



मायबाप, सेवेला घेतलेला अभंग संतश्रेष्ठ चोखोबारायांचा. चाल म्हणून झाली, टाळकऱ्यांनी साथही सुरेख दिली. मृदंगाचार्य आज फारच रंगात आहेत, त्यांना जरा आवरावं लागेल, नाहीतर माझं बोलणं राहून जाईल. आता चिंतनाकडे यायचं. पण त्याआधी मला एक जुनी चूक तुमच्यासमोर सांगायची आहे. नारदाच्या गादीवर उभं राहून चूक केली, ती याच गादीवर उभं राहून कबूल केली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, २०२२ सालचा कार्तिक महिना. मानोऱ्याकडच्या एका गावी सप्ताह होता. गावाचं नाव सांगत नाही. यजमान मोठे कास्तकार. दुपारी त्यांच्याकडे जेवण झालं, पुरणपोळी, वर तुपाची धार. हात धुताना यजमान म्हणाले, "महाराज, आज जरा मजुरांवर बोला. फुकटचं धान्य मिळते, लोकं कामाले येतच नाहीत. आमची सोंगणी खोळंबली." आता ज्याचं तूप खाल्लं त्याला नाही कसं म्हणायचं? संध्याकाळी कीर्तनात मी बोललो. चांगला अर्धा तास बोललो. आयतखाऊ म्हणालो, आळशी म्हणालो, पारावरच्या पत्त्यांच्या डावाची नक्कल करून दाखवली. लोक पोट धरून हसले. मलाही वाटलं, कीर्तन रंगलं.

कीर्तन झालं, आरती झाली, दर्शनाला रांग लागली. रांगेत एक बाई आली, चाळिशीची असेल. पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "महाराज, कीर्तन लय चांगलं झालं. पण तुमी आमाले आयतखाऊ म्हनलं, थे काही पटलं नाही. उद्या काकड्याच्या येळेले स्टँडवर या, म्हंजे दिसन तुमाले." एवढं बोलून गेली. रागावून बोलली नाही. रागावली असती तर मी विसरून गेलो असतो.

पहाटे काकडा चालू होता. विणेकऱ्याला खूण केली आणि स्टँडवर गेलो. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. तिथे एक छोटा हत्ती उभा. त्यात बाया चढत होत्या, फडक्यात भाकरी बांधलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ती बाई मला बघून म्हणाली, "मोजा महाराज." मी मोजलं. एकवीस बाया, पाच गडी, दोन लेकरं. निघाले दिग्रसकडे, कापूस वेचायला. मी विचारलं, "माय, गावात सोयाबीन सोंगायचं पडलं आहे, तू तिकडे का जातेस?" ती म्हणाली, "इथं बाईले दोनशे, गड्याले साडेतीनशे. अन् थे बी बाजाराच्या दिवशी, कधी मागच्या बाजाराचे पुढच्या बाजारी. तिथं किलोवर पैसे, संध्याकाळी हातात. म्हणून मी तिकडं जातो."

बापहो, काल रात्री मी कोणाला आळशी म्हटलं होतं? पहाटे साडेचारला उठून, भाकरी थापून, उभ्यानं तीस-पस्तीस किलोमीटर जाणाऱ्या माणसांना. आणि म्हणणारा मी कोण? माझी बिदागी सप्ताहाच्या पत्रिका छापण्याआधी ठरते. जाण्यायेण्याची गाडी वेगळी. कीर्तनकाराची बिदागी कोणी पुढच्या बाजारी देतो म्हणत नाही. हसू नका, खरं तेच सांगतो. मजुराची मजुरी आणि महाराजांची बिदागी शेजारी शेजारी ठेवून बघा एकदा. मी बघितली. त्या दिवसापासून पुरणपोळी घशाखाली उतरायला वेळ लागतो.

विठ्ठल विठ्ठल.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, गावात रिकामटेकडे नाहीत का? आहेत. गुटख्याची पुडी फोडून दिवसभर मोबाईलवर बोट फिरवणारे आहेत. आई वावरात निंदणाला वाकलेली आणि पोरगा पारावर बसलेला, असंही बघितलंय. त्यांची बाजू मी घेत नाही. पण मला सांगा, असे दहा तुम्ही मोजलेत, तसे पहाटे स्टँडवर जाऊन कधी मोजलंत का? पारावरचा दिसतो, कारण तो पारावर बसलेला असतो. कामाला गेलेला दिसत नाही, कारण तो गावात नसतो.

आणि यजमानांची बाजूही ऐकली पाहिजे. मी त्याच दिवशी त्यांच्याकडे जाऊन बसलो. ते काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी वही काढली. बियाणं, खत, दोन फवारण्या, निंदण, सोंगणीचा एकरी उक्ता, वर थ्रेशरचे पैसे. म्हणाले, "महाराज, मी तीनशे देईन हो बाईला, मला कोण देते?" यंदाचंच घ्या. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल. बाजारात किती मिळाला? तुम्हीच सांगा. नाही सांगत ना? नका सांगू. ज्यांनी विकलं त्यांना ठाऊक आहे, आज दत्ताच्या मंडपात डोळ्यात पाणी नको.

म्हणजे बघा, कास्तकाराला हमीभाव आहे आणि मजुराला रोजगार हमी आहे. दोघांच्या कागदावर शब्द एकच आहे, हमी. आणि दोघेही एकमेकांना म्हणतात, तुझ्यामुळे माझं बुडालं. हमी घेणारा तिसराच आहे, त्याला कोणी विचारत नाही.

हमी म्हणजे काय? जामीन. मधे उभा राहणारा. घेणाऱ्याला सांगणारा, 'याने नाही दिलं तर मी देईन.' आपल्या संप्रदायात असा जामीन एकच, कमरेवर हात ठेवून उभा. दामाजीपंतांची कथा तुम्हाला पाठ आहे. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, दुर्गादेवीचा दुष्काळ. बेदरच्या बादशहाचं धान्य कोठारात भरलेलं आणि बाहेर माणसं मरताहेत. पंतांनी कोठार उघडलं. बादशहाचं बोलावणं आलं. पंत निघाले ते मरायच्याच तयारीनं. आणि इकडे पांडुरंग विठू महार झाला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बादशहाच्या दरबारात जाऊन धान्याचे पैसे मोजून दिले, पावती घेतली. पावती घेतली, हे ध्यानात ठेवा, मला पुढे लागणार आहे. देवाला पावतीची काय गरज? पण घेतली. व्यवहार चोख पाहिजे, हे देवालाही कळतं.

हा झाला धान्य देणारा हमीदार. आता दुसरी गोष्ट.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते हात वर करा. ...बरेच आहेत. मी तेव्हा बारा वर्षांचा. आमचं गाव रिसोड तालुक्यात, तेव्हा जिल्हा अकोला. वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. मराठवाड्यात जसं झालं तसं आमच्याकडे नव्हतं, पण विहिरीत दोर पुरत नव्हता आणि घरात लाल मिलोची भाकरी होती. ती भाकरी पाण्यासोबत गिळावी लागायची. माझी आई खडी फोडायला जायची. मी सोबत जायचो, मुख्य कारण सुकडी. खोटं कशाला बोलू, परमार्थाच्या आधी सुकडी.

मजुरी मापावर होती. फोडलेली खडी लाकडी पेटीनं मोजायचे. एका संध्याकाळी मुकादमानं आईचं माप कमी लिहिलं. आईला अक्षर येत नव्हतं, पण पेटी किती वेळा भरली हे तिला येत होतं. ती म्हणाली, पुन्हा मोजा. मुकादम म्हणाला, उद्या बघू. आई ढिगावर बसून राहिली. अंधार पडला, बाकीच्या बाया घरी गेल्या, मी रडायला लागलो, ती उठली नाही. शेवटी कंदील आणून मोजलं. एक पेटी जास्त निघाली. त्या एका पेटीचे किती पैसे असतील? काहीच नाही. वाटेत मी विचारलं, आई, एवढ्यासाठी बसलीस? ती म्हणाली, "एवढ्यासाठी नाही बसले रे. त्यानं दिलं असं नको, मी कमावलं असं पाहिजे."

पुढे आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत गेलो, गीता झाली, ज्ञानेश्वरी झाली, कर्मयोगावर परीक्षा दिली. पण कर्माची पहिली संथा त्या खडीच्या ढिगावर मिळाली होती.

अशाच दुष्काळी कामांतून पाझर तलाव झाले, रस्ते झाले, नाल्यांचे बांध झाले. आमच्या गावचा तलाव अजून आहे. त्याच्या खालच्या विहिरींना हरभऱ्यापुरतं पाणी असतं. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते म्हणतात, रोजगार हमीत नुसती माती इकडची तिकडे केली!

त्या वेळी मुख्यमंत्री कोण? वसंतराव नाईक. गहुलीचे, पुसद तालुक्यातले, आपल्या पोहरादेवीपासून हाकेच्या अंतरावरचे. आणि ही योजना ज्यांनी बांधली ते वि. स. पागे, सांगली जिल्ह्यातले. १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलं, मग १९७२ मध्ये ते राज्यभर गेलं. १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशात असा कायदा तोवर कुठे नव्हता. पुढे २००५ साली दिल्लीनं कायदा केला, त्याचं मूळ इथे आहे. महाराष्ट्राला वारकरी संप्रदायाचा अभिमान आहे तसाच याचाही असायला हवा. पण सप्ताहात कोणी हे सांगत नाही. सांगायला हवं.

आणि पैसा कुठून आला? इथे मास्तर मंडळी बसली आहेत. मास्तर, तुमच्या पगाराच्या कागदावर पी. टी. म्हणून महिन्याला दोनशे कापतात ना? फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. तो व्यवसाय कर १९७५ साली सुरू झाला तो या योजनेसाठी. म्हणजे पगारदार माणूस मजुराचा जामीन राहिला. तुम्हाला माहीत नव्हतं? असू द्या. न कळत घडलेलं पुण्यही जमा होतं.

आता त्या बाईकडे परत येऊ, तिची गोष्ट अर्धी राहिली. मी तिला विचारलं होतं, माय, रोजगार हमीचं काम का मागत नाहीस? ती हसली. म्हणाली, "तीनदा मागितलं महाराज. कागद घेतात अन् म्हनतात, काम निघालं की सांगतो. सांगतच नाहीत."

पोच घेतली का? नाही.

मायबाप, इथेच सगळं अडतं. नीट ऐका, तरुण पोरांनी विशेष ऐका. जॉबकार्ड फुकट मिळतं. काम मागायचा अर्ज नमुना ४. अर्ज दिला की तारीख घातलेली पोच घ्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम दिलंच पाहिजे, तेही पाच किलोमीटरच्या आत. लांब दिलं तर दहा टक्के जास्त. बाईला आणि गड्याला मजुरी सारखी. कामावर प्यायला पाणी, सावली, आणि सहा वर्षांखालची पाच लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई. आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर बेरोजगार भत्ता. जुन्या कायद्यात तो दिवसाला निदान एक रुपया होता. नव्या कायद्यात पहिले तीस दिवस मजुरीच्या पाव हिश्श्याइतका, पुढे अर्धा. यंदा आपल्या राज्याचा दर २९७ रुपये आहे. पाव म्हणजे ७४ रुपये २५ पैसे.

कोणी म्हणेल, बघा, महाराजांनी घरी बसून खायची वाट दाखवली! अहो, चौऱ्याहत्तर रुपयांत कोण घरी बसेल? तेल किती रुपये किलो आहे? तो भत्ता घरी बसल्याचा पगार नाहीच. हमीदारानं शब्द मोडला त्याचा तो दंड आहे. म्हणून तो राज्याच्या तिजोरीतून द्यावा लागतो, मजुरी दिल्ली देते तरी. हेतू असा की दंड भरण्यापेक्षा काम काढलेलं बरं वाटावं. पण दंड केव्हा लागतो? पोच असेल तर. पोच नाही तर कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही काम मागितलंच नाही. पोच न देण्यातली हुशारी आता आली ना लक्षात? पांडुरंगानं बादशहाकडून पावती का घेतली, तेही आलं असेल.

आणि २९७ हा आकडा फार मोठा आहे असं मी म्हणत नाही. गड्याला वावरात त्याहून जास्त मिळतं, म्हणून गडी रोजगार हमीवर फिरकत नाहीत. शिवाय तो मापावर आहे, काम कमी भरलं तर पैसे कमी. पण जिथे बाईला वावरात दोनशे मिळतात तिथे २९७ चा अर्थ वेगळा होतो. काम निघालं असतं तर ती पहाटे छोट्या हत्तीत उभी राहिली नसती. आणि गावात बाईला काम आहे म्हटल्यावर यजमानांनाही दोनशेचे अडीचशे करावे लागले असते. यजमानांना हे आवडणार नाही. पण मग त्यांनी हमीभावासाठी ओरडावं, मी त्यांच्यासोबत ओरडतो. दोघांनी मिळून त्या तिसऱ्याला धरावं. बाईच्या मजुरीतून सोयाबीनचा तोटा भरून काढायचा, हा हिशेब पंढरीत चालत नाही.

लोकांना मागायची लाज वाटते. मला एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "महाराज, अर्ज करणं म्हंजे भीक मागनंच की." नाही बाबा. उद्या दत्तजयंती आहे. दत्त महाराजांची निद्रा माहूरला, भिक्षा कोल्हापूरला. आपल्या कारंज्यात जन्मले ते नृसिंहसरस्वतीही भिक्षेवर राहिले. ती संन्याशाची भिक्षा, त्याला शोभते. संसारी माणसानं काम मागावं. आणि आपल्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांनी तर दाखवूनच दिलं. मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या वावरात राबराब राबलेला माणूस तो. घर सोडलं तरी कष्ट सोडले नाहीत. भाकरी मागायच्या आधी त्या घरची लाकडं फोडून द्यायची. आणि त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आहे, तहानलेल्याला पाणी आहे, तसं बेकाराला रोजगार हेही आहे. बघा, बाबांनी अन्न वेगळं सांगितलं आणि रोजगार वेगळा सांगितला. ज्याला अन्न मिळालं त्याला रोजगाराची गरज नाही, असं ते कुठेच म्हणाले नाहीत. रेशनचं धान्य मिळतं म्हणून माणसाला कामाची भूक राहत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी पाच किलो गव्हात महिना काढून बघावा.

विठ्ठल विठ्ठल. पाणी घेतो जरा.

आता अभंगाकडे. चोखोबाराय आपल्याच भागातले, मेहुणाराजा, बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाजवळ. त्यांचं जीवन मंगळवेढ्यात गेलं. तिथे गावकुसाची भिंत बांधायचं काम निघालं. चोखोबांना कामावर नेलं. १३३८ साल. काम चालू असताना भिंत कोसळली, चोखोबा आणि सोबतचे मजूर खाली गाडले गेले. कळल्यावर नामदेवराय पंढरपुराहून आले. ढिगाऱ्यात हाडं मिसळलेली. कोणती चोखोबांची? नामदेवराय एकेक हाड कानाला लावत गेले. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ते उचललं. आणि महाद्वारासमोर समाधी केली. तुम्ही वारीला जाता तेव्हा नामदेव पायरीच्या समोर ती पाहता.

ही कथा मी चाळीस वर्षं सांगतोय. मानोऱ्याहून परत आल्यावर पहिल्यांदा सांगायला उभा राहिलो आणि मधेच थांबलो. मनात आलं, बाकीच्या हाडांचं काय झालं? ज्यांच्या हाडांतून आवाज आला नाही, त्यांचं? तेही त्या भिंतीवरच होते, तेवढीच दगडमाती वाहत होते. त्यांच्या बायका-पोरांना संध्याकाळी कोणी जाऊन सांगितलं? मी आजवर ते विचारलंच नव्हतं. आणि दोष नामदेवरायांचा नाही, ते आपल्या जिवलगाला शोधायला आले होते. दोष माझा आहे. मी मजुराच्या मरणाची कथा सांगत होतो आणि माझ्या कथेत मजूर कोणी नव्हता.

चोखोबांना देवळात जाता आलं नाही, आपण म्हणतो. खरंच आहे. पण त्यांनी देवाजवळ जे गाऱ्हाणं मांडलं ते नीट वाचा. त्यात मागणं आहे, हक्काचं मागणं आहे, आणि ज्याच्याकडे मागायचं त्याच्यासमोर ताठ उभं राहून मागणं आहे. संप्रदायात याला भांडण म्हणतात. संतांनी देवाशी भांडायला कमी केलेलं नाही. मग आपण कार्यालयातल्या टेबलापुढे मान खाली घालून, कागद देऊन, पोच न घेता का परत येतो?

त्या गावी मी पुन्हा गेलो, यंदाच्या चैत्रात. यजमानांनीच बोलावलं होतं, हे विशेष. मी सांगितलं, बिदागी नको, पण कीर्तनानंतर अर्ध्या तासासाठी मंडप द्या. मास्तरांनी अर्ज भरले, बत्तीस अर्ज झाले. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी मिळून गेल्या, मी मागे उभा राहिलो. मी काही बोललो नाही. भगवी पताका मात्र हातात होती, तिचा थोडा उपयोग झाला असेल. पोच मिळाली, बत्तीसही. तेराव्या दिवशी नाल्याचं काम निघालं. मजुरी वेळेवर मिळाली का? नाही, उशिरा मिळाली, त्यासाठी पुन्हा जावं लागलं. ती बाई भेटली. तिचा पोरगा बी.ए. झालेला, पुण्याकडे कंपनीत ठेकेदाराकडे लागला होता, परत आला होता. मी म्हटलं, याला नाल्यावर नेतेस का? म्हणाली, "नेतो. लाजते थोडा. पन माप लिहाले बसवला की बरोबर लिहीन थो, आमचं कमी नाही लिहिनार." मला माझी आई आठवली.

तर मंडळी, वेळ झाला, आरती करायची आहे. विश्वस्तांशी बोलणं झालं आहे. उद्या काकडा झाला की सभामंडपात मास्तर आणि दोन मुलं बसतील. जॉबकार्ड असेल ते आणा, नसेल तर आधार आणि फोटो आणा. कास्तकारांनीही यावं, बांधाची, विहिरीची कामं याच योजनेत बसतात, आणि काम निघावं म्हणून तुमचीही सही लागली तर बरं. ज्यांना पहाटे गाडीनं जायचं आहे त्यांच्यासाठी पाचलाच बसा, मास्तर. थंडी आहे, शेकोटीची सोय मंडळ करील.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!